वहिनीने निवडलेला पैलवान

मित्रांनो, मी अजून सावरलेलो नाही.

उद्या इथे जवळच, बोगादी भागात, फायटिंग गेमची स्पर्धा आहे, म्हणून दुपारी घरी सराव करत होतो. मला लांबून बाण मारणारी पात्रं आवडतात. कुणी जवळ आलं, की मी ब्लॉक धरून बसतो.

नवी वहिनी म्हणाली, "भाऊजी, मी खेळू?" तिने सगळ्यात संथ, धिप्पाड पैलवान निवडला. मला हसूच आलं.

त्याने मला सलग तीनदा उचलून आपटलं!

आई तिच्या कानडी-मराठीत ओरडली, "अय्यो, साकु! बास गं! रडेल तो."

वहिनी म्हणाली, "ब्लॉकने मार अडतो भाऊजी, पकड नाही. तुम्ही हलतच नव्हता."

हा नियम मला पाठ आहे. तरी ब्लॉकचं बटण सोडवलं नाही.

उद्या कुणाला घेऊ, कळत नाही. खरं सांगा, तुम्ही पात्र आवडीने निवडता की भीतीने?