अडीच फुटांचं पाऊल

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई मी दहा वर्षांची असल्यापासून म्हणत आली आहे. पुण्यात ते खपून गेलं. बंगळुरात आले, मारतहळ्ळीच्या आसपासच्या बंगल्यांच्या बागा करून द्यायचं काम सुरू केलं, तिथेही बारा वर्षं खपून गेलं. मजुरांवर आणि टिप्परवाल्यांवर तर त्याचा उपयोगच झाला. पण गेल्या वर्षी याच जिभेने मी खंडोजी अण्णांना चोर म्हटलं. ते कसं झालं ते मी सांगणार आहे, आणि त्यात स्वतःची बाजू मांडायचा माझा अजिबात विचार नाही.

अण्णा मला पहिल्यांदा भेटले ते शहराबाहेरच्या एका खडीच्या यार्डात. मी नवीन होते. ऐटीत जाऊन दोन ब्रास बारीक खडी मागितली. पुण्याला शंभर घनफुटांना ब्रास म्हणतात, तेव्हा सगळीकडे तसंच म्हणत असणार अशी माझी पुणेरी समजूत. यार्डवाला नुसता बघत राहिला. मागे बाकावर बसलेला एक उंच, सडसडीत माणूस मात्र हसला आणि चक्क मराठीत म्हणाला, "इथं ब्रास कुणाला कळतंय मा? इथं टन, नाहीतर लोड. स्वल्प बसा अक्का, चहा घ्या, मी सांगतो."

त्या रखरखीत धुळीत मराठी ऐकून मला रडूच यायचं बाकी राहिलं होतं. अण्णांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आलं आणि इथेच राहिलं, असं ते सांगत. घर चामराजपेटेत, बोलणं मराठी, पण त्यात कन्नड इतकं मुरलेलं की ते "मी सांगितलो", "मी पाहिलो" असं बोलायचे आणि आकडे मोजायचे ते फक्त कन्नडमध्ये. तीस वर्षं त्यांनी खडी फोडणाऱ्या एका क्रशरवर गाड्या भरून देण्याचं काम केलं होतं. ते सुटल्यावर लोकांच्या बागा बघायच्या, कुठे कुठली खडी घालायची आणि किती लागेल ते सांगायचं, आणि ती आणून द्यायची, हाच त्यांचा धंदा झाला. मी त्यांना धरलं ते धरलंच.

त्यांचं मोजणं बघण्यासारखं असे. टेपला ते हात लावत नसत. "टेप चिकपेटच्या कापडवाल्यांना," म्हणायचे. जागेवर आले की चपला काढून बाजूला ठेवायच्या, कडेला टाच लावून उभं राहायचं आणि चालायला लागायचं. त्यांचं एक पाऊल म्हणजे अडीच फूट, एक बोटही कमी नाही की जास्त नाही. मग मातीत तर्जनी खुपसायची. दुसऱ्या पेरापर्यंत दोन इंच, मुळापर्यंत तीन. लांबी, रुंदी, खोली डोक्यातच गुणायची, बावीस-तेवीस घनफुटांचा एक टन धरायचा, दाबल्यावर खडी बसते म्हणून वर दहावा हिस्सा घालायचा आणि आकडा सांगायचा. दहा वर्षांत त्यांच्या आकड्यातली खडी उरली तर घमेलंभर उरली असेल. कमी तर कधीच पडली नाही.

निवडायचेही तसेच निगुतीने. दोन दगड मगभर पाण्यात बुडवून मालकाच्या हातात द्यायचे, म्हणजे पावसाळ्यात रंग कसा दिसेल ते कळावं. नळाखाली पाणी मुरायला हवं असेल तर चाळीस एमएमची जाड खडी, पायवाटेला बारा एमएमची, आणि तीही कोपरे असलेली. नदीतल्या गोल गोट्यांवर त्यांचा राग होता. ते झाडाच्या आळ्यात घाला, शोभेला घाला, पण माणूस चालणार तिथे घालू नका, असं ते मालकाच्या तोंडावर सांगत. कोपऱ्यांची खडी एकमेकींत अडकून बसते, गोटा पायाखालून पळतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

दोन वर्षांपूर्वी काहीतरी बिनसायला लागलं. एका ठिकाणी टनभर खडी उरली. मी म्हटलं, होतं कधी कधी. ती कुंड्यांच्या तळाला वापरून टाकली. मग दुसरीकडे दोन टन उरली, तिसरीकडे साडेतीन. मी चिडचिड केली, अण्णा म्हणाले, "जमीन बरोबर सपाट नव्हती अक्का," आणि मी ऐकून घेतलं. टेप माझ्या पिशवीत कायम असायची. ती काढून एकदा बघावं असं मला सुचलं नाही, कारण अण्णा असताना टेप काढणं म्हणजे त्यांचा अपमान, असं मीच ठरवून बसले होते.

मग अद्वैतचं घर आलं. अद्वैत नागपूरचा, इथे आयटीत मॅनेजर. नवीन बंगला, पुढे मोठं अंगण, मागे एक लांब पट्टा. त्याला मोबाइलमधल्या फोटोसारखे पांढरे गोल गोटे सगळीकडे हवे होते.

"कोण कोण राहणार घरात?" अण्णांनी विचारलं.

"मी आणि मिसेस. आई शिफ्ट होतेय जूनमध्ये. तिच्या गुडघ्यांचा प्रॉब्लेम आहे थोडा."

"मग गोटे बेडा, नकोच. म्हातारी माणसं पाय उचलत नाहीत सार, घासत चालतात. असं बघा." आणि अण्णा अंगणातून आखडत, पाय फरपटत, थोडे पुढे वाकून चालून दाखवायला लागले. अद्वैत हसला, मीही हसले. हुबेहूब नक्कल केली असं मी म्हटलंसुद्धा.

अद्वैतने ऐकलं. अण्णांनी अंगण मोजलं, तीन इंच थर धरून वीस टन सांगितले. अंगण पन्नास बाय वीसचं. बारा टनांचं काम आहे हे कागदावर दोन मिनिटांत कळलं असतं. मी कागद काढला नाही. वीस टन आले, पसरून झाले आणि फाटकाबाहेर रस्त्यावर जवळजवळ आठ टनांचा ढीग तसाच राहिला. वसाहतीच्या सोसायटीचा माणूस येऊन ओरडून गेला, शेजाऱ्याची गाडी अडकली, अद्वैतने मला फोन करून कामावरून उठवून बोलावलं. अण्णा तिथेच होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"अण्णा," मी सगळ्यांसमोर म्हटलं, "जास्तीच्या टनामागे क्रशरवाला तुम्हाला काय देतो, ते एकदा सांगून टाका."

टिप्परचा ड्रायव्हर मान वळवून दुसरीकडे बघायला लागला. अण्णांना पहिल्यांदा कळलंच नाही मी काय विचारलं ते. मग कळलं. त्यांचा चेहरा तसाही हल्ली फारसा हलत नसे. तो जरादेखील हलला नाही.

"मागचा पट्टा मोजून दाखवतो," ते म्हणाले. "तुम्ही टेप लावा. आत्ता लावा."

मागच्या पट्ट्यावर खडीच्या आधी घालायची बारीक भुकटी पसरून सपाट केलेली होती. अण्णांनी चपला काढल्या. भिंतीला टाच लावून ते निघाले, मोठ्याने मोजत. ओंदु, एरडु, मूरु. समोरच्या भिंतीपाशी पोहोचले तेव्हा हदिनारु झाले होते, म्हणजे सोळा. "चाळीस फूट," ते म्हणाले.

मी टेप लावली. तीस फूट होते, वर दोन-तीन इंच.

अण्णांनी टेपचं टोक हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. "टेप चुकते कधी कधी," ते म्हणाले. आणि मी हसले. त्या नकलेला हसले होते तसं नाही, दुसऱ्या तऱ्हेने हसले. "इतकी वर्षं मी तुम्हाला अण्णा म्हणत होते," मी म्हटलं, "आणि तुम्ही चोर निघालात." अद्वैत मोबाइलमध्ये बघत होता. चपला पायात घालायला अण्णांना फार वेळ लागला, आणि तेवढा सगळा वेळ मी तिथे हाताची घडी घालून उभी होते.

ते गेल्यावर तासाभराने मी मागचा पट्टा पुन्हा सारखा करायला दाताळं घेऊन गेले. भुकटीत त्यांची अनवाणी पावलं उमटलेली होती. प्रत्येक पावलामागे एक ओढल्याची रेघ होती, डाव्याची जास्त लांब. मी टेप काढली. पहिली पावलं पंचवीस इंचांची होती, मधली तेवीसची, शेवटची भिंतीजवळची वीसची. अडीच फूट म्हणजे तीस इंच. तीस इंचांचं एकही पाऊल त्या रांगेत नव्हतं. अण्णांनी काही चोरलं नव्हतं. त्यांचं पाऊल आखूड झालं होतं, आणि ते अजून अडीच फुटांनीच गुणत होते. त्या दिवशी अंगणात त्यांनी नक्कल अशी फारशी केलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चामराजपेटेत त्यांच्या घरी गेले. दार सकवारबाईंनी, त्यांच्या बायकोने, उघडलं. मी उंबऱ्यातच त्यांना पावलांचं सांगितलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "शर्टाची बटणं मीच लावते आता. अक्षर बी मुंगीएवढं झालंय त्यांचं. मला वाटलं, वयच झालं की. तुम्ही त्यांना सांगू नका अक्का."

मी ऐकायला हवं होतं. पण मला वाटत होतं, मी या माणसाची गेलेली अब्रू परत द्यायला आले आहे. तुम्ही चोर नाही, हे त्यांच्या तोंडावर सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. माझ्या चैनीसाठीच मी आत गेले.

अण्णा खुर्चीत बसले होते. मला बघून उठायला लागले, जमलं नाही, पुन्हा बसले. "मी चोर नव्हे अक्का," ते म्हणाले. "रात्रभर हिशेब केलो. गुणाकार बरोबर आहे."

"गुणाकार बरोबरच आहे अण्णा. माझं चुकलं, मला माफ करा. तुमचं पाऊल लहान झालंय. अडीच फुटांचं राहिलेलं नाही. मी मोजलं."

हे मी आनंदाने सांगितलं, हे मला आजही आठवतं आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं.

अण्णा खुर्चीचे हात धरून, दोनदा मागे पडून, शेवटी उठले. दारापाशी गेले, उंबऱ्याला टाच लावून उभे राहिले. सकवारबाई "नको" म्हणत पुढे झाल्या, त्यांनी हाताने त्यांना बाजूला केलं.

"हे घर घेतलो तेव्हा मोजलो होतो," ते म्हणाले. "दारापासनं मागच्या भिंतीपर्यंत धा पावलं. चव्वेचाळीस वर्षं झाली."

आणि ते निघाले. लांब पाऊल टाकायची त्यांनी पराकाष्ठा केली, ते दिसत होतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे उचलले जात नव्हते. हत्तु, म्हणजे दहा, म्हणाले तेव्हा भिंत अजून समोर होती. तेराव्याला हात भिंतीला लागला. त्यांनी तो तिथेच ठेवला.

"घर तेवढंच आहे," ते म्हणाले.

सकवारबाई पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात गेल्या. मी म्हटलं, अण्णा, आपण डॉक्टरांकडे जाऊ, औषधं असतात. ते भिंतीकडे तोंड करूनच उभे होते.

"चोर म्हटलात तेच बरं होतं अक्का," ते म्हणाले.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. औषधं चालू आहेत, पाऊल परत लांब होईल असं कुणी म्हटलेलं नाही. अण्णा त्यानंतर कुठल्याही बागेत गेले नाहीत. मी आता टेपने मोजते, फोनवर गुणाकार करते, आणि खडी कुठेही उरत नाही. त्या आठ टनांचा ढीग मी माझ्या आवारात आणून टाकला. त्यातली एक पाटीही मला कुठे वापरता आलेली नाही.

महिन्यातून एकदा मी चामराजपेटेत जाते. सकवारबाई म्हणतात, ते दिवसभर हेच करतात, दारापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून दारापर्यंत. मी आत गेले की बसा म्हणायच्या आधी अण्णा मला आकडा सांगतात, पूर्वी बागेच्या मालकाला सांगायचे तसाच, ठाम आवाजात. परवा सतरा होते.