ढाण्याला मात देता येईना

बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या शेजारी घर घेतलं, की किस्से शोधायला जावं लागत नाही. ते कंपाउंडवरून आपल्या अंगणात येऊन पडतात.

पुंडलिकनगरात माझं तसंच झालंय. शेजारी साहेबराव. शाळेत गणित शिकवतात आणि घरी आल्यावर ‘ढाण्या’ नावाचा प्रोग्राम लिहितात. निव्वळ हौस! त्यांचे साडू नितीनराव हेच काम एका कंपनीत पगारावर करतात. रविवारी आले की विचारतात, “काय दादा, छंद कसा चाललाय?” त्या ‘छंद’ शब्दानं साहेबरावांचा चहा कडू होतो. ढाण्यानं कंपनीच्या प्रोग्रामला एकदा तरी हरवावं, एवढंच त्यांना हवंय. माझ्याकडं टेस्टिंगचं खातं आहे, कारण माझ्याकडून हरणं कुणालाही जमत नाही.

*

पण पहिल्या दिवशी ढाण्याला तेही जमलं. त्यानं आधी वजीर दिला, मग दोन्ही हत्ती. मी हरखलो. साहेबरावांनी कोड उघडला, तर एका ठिकाणी अधिकचं उणे झालेलं. ढाण्या स्वतःचं नुकसान नफा समजून खेळत होता.

वहिनी म्हणाल्या, “एवढं दानशूर आपल्या घराण्यात कुणीच नव्हतं.”

*

नितीनरावांच्या कंपनीत एकदा आठवडाभर मीटिंग चालली. विषय एकच, घोडा मेल्यावर आवाज कसला यावा. शेवटी ठरलं, आवाजच नको.

“तुमच्याकडं मीटिंगा नसतात, बरंय,” ते साहेबरावांना म्हणाले.

“असतात की. जेवायला हाक मारतात, ती मीटिंग. तिथं आवाजाचं काही ठरवावं लागत नाही.”

*

कोपऱ्यावर मोबाईल दुरुस्त करणारे सलीमभाई एकदा डोकावले. ढाण्या दुसऱ्या एका प्रोग्रामशी खेळत होता आणि आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो.

“दोनों तरफ मशीन?” सलीमभाईंनी विचारलं.

“हौ.”

“फिर तुमकू पसीना कायकू आरा?”

साहेबरावांनी पंखा वाढवला.

*

एका गिऱ्हाइकानं नितीनरावांच्या कंपनीत तक्रार केली. ‘मी नातवासमोर रोज हरतो. घरात किंमत राहिली नाही.’ कंपनीतल्या साहेबांनी नितीनरावांना काम दिलं, प्रोग्राम हरला पाहिजे, पण मुद्दाम हरलाय हे कळता कामा नये.

नितीनराव त्या रविवारी पहिल्यांदाच दमलेले दिसले. “दादा, जिंकायला शिकवणं सोपं होतं हो. अब्रूनं हरायला शिकवता शिकवता जीव गेला.”

साहेबरावांनी त्यांना स्वतःच्या हातानं चहा करून दिला. मला फार बरं वाटलं.

*

गेल्या महिन्यात दोघांचे सासरे पिशोरहून आले. दोन्ही जावई समोर, दोन लॅपटॉप समोरासमोर. नितीनरावांनी कंपनीचा सगळ्यात तगडा प्रोग्राम आणला होता. सासरे आजवर धाकट्या जावयाचंच कौतुक करत आलेले, त्यामुळं साहेबरावांना त्या दिवशी नाष्टाही गेला नाही.

आणि ढाण्या काय खेळला! वजीर मारला, राजा कोपऱ्यात कोंडला. आता एकाच चालीत मात. नितीनरावांचा चेहरा उतरला. माझे तर डोळे भरून आले.

ढाण्यानं हत्ती उगाच एक घर सरकवला.

पुढच्या चालीला परत मागं घेतला. मग परत पुढं.

“मात दिसत नाय व्हय त्याला?” सासरे म्हणाले.

“दिसते की, मामा,” साहेबरावांचा आवाज बारीक झाला. “पण आत्ता दिली काय अन् पुढच्या चालीत दिली काय, त्याच्या हिशेबात सारखंच. लवकर द्यावी, हे त्याला सांगायचंच राहिलं.”

नियम असा, की पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, तर डाव बरोबरीत सुटतो. हत्ती पुढं-मागं करत राहिला. डाव सुटला.

नितीनराव हळूच म्हणाले, “दादा, जिंकला होतात तुम्ही.” या वेळी छंद म्हणाले नाहीत.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. “पोरगी पसंत पडल्यावर बी या थोरल्या जावयांनी असंच केलं व्हतं. दर बाजाराला निरोप यायचा, पुढच्या बाजारी कळवतो.”