उदबत्तीआत्या

आमच्या आत्याच्या घरी देवापुढे लावलेली उदबत्ती देवाच्या वाट्याला अर्धीच यायची. उरलेली अर्धी आत्या हातात घेऊन घरभर हिंडायची. दाराखालच्या फटीशी, सरकत्या खिडकीच्या जोडाशी, स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या भोकाशी, आणि जिथे वारा असण्याचं काही कारण नाही अशा कपाटामागेसुद्धा ती उदबत्ती धरून श्वास रोखून उभी राहायची. धूर सरळ वर गेला तर पुढे सरकायची. जरासा वळला तर म्हणायची, "सापडला." मग जुन्या सुती साडीची पट्टी फाडून, सुरीच्या टोकाने ती फट बुजवली जायची. थंडी पडली की हा कार्यक्रम रोज सकाळी चाले. सोसायटीतली मुलं तिला उदबत्तीआत्या म्हणायची. मोठी माणसंही तेच म्हणायची, फक्त पाठीमागे.

नोकरी लागल्यावर मी वारज्याला तिच्याकडे राहायला आले. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ती टेलिफोन ऑपरेटर होती, आणि लोक फोनवर काय काय थापा मारतात ते जन्मभर ऐकून तिचा माणसांवरचा विश्वास उडाला, असं माझ्या बाबांचं मत. बाबा तिचे धाकटे भाऊ. मला वाटतं, विश्वास आधीपासूनच नसावा. नोकरीने फक्त पुरावे दिले. दूधवाल्याचं दूध ती उजेडात धरून बघायची. हवामानाचा अंदाज ऐकून म्हणायची, "सांगतायत ना थंडी कमी होणार? गोधडी काढ."

पुण्यात कुठे थंडी असते, असं म्हणणाऱ्यांनी डिसेंबरात आमच्या त्या घरी एक सकाळ काढावी. नदीकडून येणारा वारा थेट आमच्या बेडरूमवर यायचा. बाबांनी एकदा हौसेने तिला रूम हीटर आणून दिला. आत्याने खोका उघडला, वायर बघितली, मागे काय लिहिलंय ते भिंगातून वाचलं आणि खोका पुन्हा बंद केला. "सुधीर, गरम हवा विकत घ्यायची आणि फटीतून मुठा नदीला सोडायची, एवढी श्रीमंती माझ्याकडे नाही," ती म्हणाली. तो खोका तेव्हापासून लोणच्याच्या बरणीखाली स्टूल म्हणून होता. बरणीला उंची बरोबर यायची.

तिचा हिशेब साधा होता. उष्णता तयार करण्याआधी आहे ती जाऊ द्यायची नाही. दुपारी ऊन हॉलमध्ये आलं की पडदे बाजूला, गाद्या-गोधड्या उन्हात, आणि ऊन कलायला लागलं की लगेच सगळं आत, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. "कोंड त्याला," ती उन्हाबद्दल म्हणायची. गोधड्या पुढच्या बाल्कनीत वाळत घातल्याने इमारतीची शोभा जाते, असं सेक्रेटरी एकदा सांगायला आले. आत्याने त्यांना बसायला सांगितलं, चहा दिला आणि म्हणाली, "अहो, शोभा अंगावर घेऊन झोपता येत असेल तर सांगा, मी तीच घेईन." त्यानंतर तो विषय निघाला नाही.

गीझरवर तिचा विशेष डोळा होता. "गीझर पाहुणा नाही, भाडेकरू आहे. लक्ष ठेवलं नाही तर घर बळकावतो." त्यामुळे आंघोळी एकापाठोपाठ एक. आधी मी, माझ्या पाठोपाठ ती, आणि उरलेल्या कोमट पाण्यात कपडे भिजायचे. मी बाहेर आले की ती बटण बंद आहे का ते बघायची, मग बटणावरही विश्वास नसल्यामुळे पाइपाला हात लावून बघायची. मला तेव्हा राग यायचा. आता मीही पाइपाला हात लावते.

आमचं विजेचं बिल सगळ्या इमारतीत सर्वांत कमी असायचं, आणि या गोष्टीचा तिला जितका अभिमान होता तितका कशाचाच नव्हता. म्हणून त्या वर्षी थंडीत बिल वाढलं तेव्हा तिने पहिला संशय माझ्यावर घेतला. माझा लॅपटॉप, माझा चार्जर, माझी केस वाळवायची मशीन, सगळ्यांची चौकशी झाली. मग फ्रिजची झाली. मग तिने एक दिवस मला वर घरात उभं केलं आणि स्वतः मोबाइल घेऊन पार्किंगमधल्या मीटरच्या खोलीत गेली.

"सगळं बंद केलंस?"

"केलं."

"फ्रिज?"

"आत्या, मेन स्विचच पाडलाय. घरात देवाचा दिवासुद्धा नाही."

तिने मीटरवरचा आमचा फ्लॅट नंबर पुन्हा एकदा मोठ्याने वाचला. मग ती म्हणाली, "मग हा मेला कुणाला डोळा मारतोय?"

मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. वीज वापरली की तो लुकलुकतो. आमचं घर पूर्ण बंद होतं आणि तो लुकलुकत होता.

आत्याने वीज कंपनीकडे तक्रार केली. माणूस आला, मीटर तपासून बरोबर आहे म्हणाला आणि गेला. तिने पुन्हा तक्रार केली. सेक्रेटरींनी जिन्यात मला गाठून हळूच विचारलं, "आत्यांची तब्येत बरी आहे ना?" बिल वाढण्याच्या महिनाभर आधीच सोसायटीच्या मीटिंगमध्ये आत्याने सगळ्यांच्या सामायिक मीटरबद्दल ओरड केली होती. वॉचमनच्या खोलीत कॉइलची शेगडी चालते, तिचं बिल आपण सगळे भरतो, असा तिचा संशय होता आणि तो खरा निघाला होता. सेक्रेटरींनी दुसऱ्याच दिवशी वॉचमनच्या खोलीतला प्लग काढून टाकला, एक दिवा तेवढा ठेवला. पण एकदा खरं निघालं म्हणून माणसाचं दरवेळी कोण ऐकतं?

बाबांनी ऐकलं नाही. ते हडपसरहून आले, तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "ताई, हे वाढत चाललंय. आधी फटी, मग गीझर, आता मीटर. तू आमच्याकडे राहायला चल."

"मला वेड लागलंय असं म्हण ना सरळ."

"तसं नाही म्हणत मी."

"पण तसं वाटतंय तुला." आत्याने पदर खोचला. "मला महिनाभर दे. विजेची चोरी दाखवून दिली तर मी याच घरात मरणार, आणि तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस. नाही दाखवता आली तर येते तुझ्याबरोबर."

बाबा कबूल झाले. त्यांना ती हरणार याची खात्री होती. आत्याला हे घर म्हणजे सर्वस्व होतं. त्यातली एकेक फट तिने स्वतः बुजवली होती. त्या महिन्यात मी तिला पहिल्यांदा घाबरलेली पाहिली. ती जेवताना मध्येच उठून खाली जायची, मीटरसमोर उभी राहायची आणि परत यायची.

एका रविवारी सकाळी पूजा झाल्यावर तिने उदबत्ती उचलली आणि घरातून फिरण्याऐवजी चपला घातल्या. मीही मागोमाग गेले. मीटरच्या खोलीत वायरींचा गुंताडा आणि वर्षानुवर्षांची जळमटं होती. तिने उदबत्ती आमच्या मीटरच्या लाकडी फळीखाली धरली. धूर सरळ गेला. फळीच्या बाजूला धरली, आणि धूर एकदम आडवा होऊन फळीमागे शिरला. "सापडला," ती पुटपुटली. मी मोबाइलचा उजेड पाडला. फळीमागे भिंतीला करंगळीएवढं भोक होतं, आणि आमच्या मीटरमधून निघालेली एक वायर त्या भोकातून पलीकडे जात होती.

पलीकडे वॉचमनची खोली.

गजाननने दार उघडलं आणि आत्याच्या हातातली उदबत्ती पाहूनच त्याचा चेहरा उतरला. तो वाशीमकडचा, दोन वर्षांपासून आमच्याकडे होता. आत जमिनीवर त्याची बायको बसली होती, मांडीवर टोपडं घातलेलं तान्हं मूल. कोपऱ्यात कॉइलच्या शेगडीवर पाण्याचं पातेलं होतं. गावाहून बायको बाळाला घेऊन आली आहे, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सोसायटीने एकट्या माणसालाच ठेवलं होतं, म्हणून त्याने ते लपवलं होतं.

"लेकरू सातव्याच महिन्यात झालं जी," गजानन खाली बघत म्हणाला. "डॉक्टरनं सांगतलं, गरम ठेवा. अन् खोलीतलं बटन काढून नेलं. काय करू मंग?"

बटण कुणामुळे गेलं होतं ते आत्याला माहीत होतं. ती दारातच खाली बसली. उदबत्तीची राख तिच्या लुगड्यावर पडली तरी तिने झटकली नाही.

मग तिने विचारलं, "पण एवढ्या मीटरांत माझाच का रे निवडलास?"

"तुमच्याकडं सारं बंदच राह्यते, आत्याबाई," तो म्हणाला. "म्हनलं, एवढुसं त्यात खपून जाईन."

आत्या हसली. मी तिला इतकं मोठ्याने हसताना क्वचितच पाहिलं होतं. "इतकी वर्षं कुणासाठी वाचवत होते ते आज कळलं," ती मला म्हणाली. मग तिचा आवाज पूर्ववत झाला. "वायरचा जोड उघडा आहे तुझा. चोरी करायची तर नीट कर, लेकरू जळेल. आजच्या आज कुणाला तरी बोलावून पक्की करून घे. आणि खोली गरम झाली की बटण बंद. मी वरून बघत असते."

त्यानंतर ती तासभर त्या खोलीत उदबत्ती घेऊन फिरली. खिडकीची एक काच फुटकी होती, तिथे रूम हीटरच्या खोक्याचा पुठ्ठा बसला. हीटर बरणीखालून निघाला, पण त्याला नव्हे, फक्त खोक्याला काम मिळालं. दाराखाली माझी जुनी जीन्स गुंडाळी करून गेली. आत्याने स्वतःची जाड गोधडी बाळंतिणीला दिली आणि वरचा झरोका बोटभर उघडा ठेवायला बजावलं. "वारा सगळाच चोर नसतो," ती म्हणाली. "थोडा लागतो."

वर आल्यावर मी म्हटलं, "आत्या, बाबांना आत्ताच फोन करते. तू जिंकलीस."

"तू काही पाहिलं नाहीस."

"अगं, पण घर?"

"सुधीरला कळलं की तो सेक्रेटरींना सांगणार. सेक्रेटरी संध्याकाळच्या आत त्यांना रस्त्यावर काढतील. ते मूल या थंडीत कुठे नेतील ती दोघं?" तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "शपथ नको घेऊस. शपथेवर माझा विश्वास नाही. फक्त गप्प राहा."

महिना संपल्यावर बाबा आले. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते विचारत होते, "काय ताई, निघाली का चोरी?"

"नाही रे," आत्या म्हणाली. "माझाच भ्रम होता."

बाबांनी विजय मिळाल्यासारखं काही केलं नाही. ते उठून तिच्या शेजारी बसले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं. ते बघून बाबांना वाटलं, आत्याची अवस्था मला बघवत नाही. आत्याने माझ्या हातातला ट्रे घेतला आणि म्हणाली, "चहात पाणी जास्त झालंय."

घर बंद करून आम्ही दोघी हडपसरला आलो. निघताना तिने एकच अट घातली: मीटर काढायचा नाही, वीज तोडायची नाही, बिल तिच्या पेन्शनमधून भरायचं. "बंद घराला वीज कशाला, ताई?" बाबांनी विचारलं. "घराला थंडी वाजते," आत्या म्हणाली. बाबांनी माझ्या आईकडे बघितलं, आईने मान हलवली, आणि अट मान्य झाली. वेड्या माणसाशी कोण वाद घालतं.

हडपसरचं आमचं घर नव्या टॉवरमध्ये, खिडक्या घट्ट, आत वाऱ्याचा लवलेश नाही. पहिल्याच सकाळी आत्या उदबत्ती घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरली आणि परत येऊन बसली. "धूर सरळ वर जातो इथे," ती म्हणाली. "संशयास्पद आहे." पण पुढे तिने उदबत्ती देवापुढेच पूर्ण जळू द्यायला सुरुवात केली, आणि ते बघून मला फार वाईट वाटायचं. मी महिन्यातून एकदा वारज्याला घर झाडायला जायचे. खाली मीटरसमोरून तिला फोन लावायचे.

"काय म्हणतोय?"

"डोळा मारतोय."

"मारू दे. तू संशय घेऊ नकोस."

अशी दोन वर्षं गेली, आणि या पावसाळ्यात आत्या गेली. आजारी पडली, चार दिवस दवाखान्यात होती, आणि तिथे नर्सने दिलेली गोळीसुद्धा तिने उलटसुलट करून बघूनच घेतली. शेवटच्या दिवशी तिने माझा हात धरला. काहीतरी सांगेल असं वाटलं, पण तिने फक्त माझ्या हाताला ताप आहे का ते बघितलं.

थंडी पडल्यावर बाबा आणि मी वारज्याला गेलो. घर विकायचं की भाड्याने द्यायचं ते ठरत नव्हतं. खाली उतरल्यावर बाबा मीटरसमोर थांबले. वर मेन स्विच पाडलेला होता, ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं. लाल दिवा लुकलुकत होता. पलीकडच्या खोलीतून गजाननच्या लेकीचा बोबडा आवाज येत होता. सोसायटीने आता तिला आणि तिच्या आईला ठेवून घेतलं होतं, प्लग मात्र परत बसवला नव्हता. फाटकापाशी उभा असलेला गजानन आमच्याकडे बघत होता, मग त्याने मान खाली घातली.

"मीटर बिघडलेलाच दिसतोय," बाबा म्हणाले. "उद्या अर्ज करून वीज तोडून टाकू."

"नको बाबा," मी म्हटलं. "मला या मीटरचा संशय येतोय. एवढ्यात तोडू नका. बिल मी भरते, येऊन लक्षही ठेवते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आत्याकडे बघायचे, अगदी तसंच.