पत्ता गेलेले दगड

नोकरीतली बरीच प्रकरणे विसरलो. हे मात्र जसेच्या तसे आठवते, कारण त्यातला एक भाग मी आजवर कुठेच लिहिला नाही.

तेव्हा मी परतूर भागात ठाणे प्रभारी होतो. एका दगडखाणीवरून सुरुंगाच्या डिटोनेटरची पेटी चोरीस गेली. वरिष्ठांचे दिवसाला तीन-तीन फोन. चौथ्या दिवशी आमच्या खबऱ्याने सांगितले, "साहेब, एक म्हातारा हातोडी-छिन्नी घेऊन खाणीखाणीनं फिरून राह्यला. पेपरात गुंडाळून काय काय नेतो."

तो निवृत्त हातपंप मिस्त्री निघाला. घराच्या झडतीत मिठाईच्या खोक्यांमध्ये दगड सापडले. पांढरे, हिरवट, काही काचेसारखे लख्ख. प्रत्येकाखाली गावाचे नाव लिहिलेली चिठ्ठी. मी हवालदाराला म्हणालो, "सगळं एका गोणीत भरा."

"हळू भरा हो, ज्वारी न्हाई ती," एवढेच मिस्त्री बोलले.

ठाण्यात मी विचारले, "पेटी कुठं लपवलीस?"

"मी फोडत न्हाई, साहेब. दुसऱ्यानं फोडलेल्यातून वेचतो."

"दगडं वेचत कोण फिरतं रे?"

"ज्याला दिसतेत तो."

मला हे उर्मट वाटले. मी त्यांच्या कानशिलात मारली.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "मंग गोणीतली माझी वही तरी वाचा. सुरुंग वाजला की दुसऱ्या दिवशी मी तिथं जातो. ताज्या फुटलेल्यातच चांगला खडा गावतो, मागून त्याचा भराव होतो. चोरीनंतर कुठं कुठं वाजलं, बराबर लिहिलंय."

वहीत गाव, शेत, विहिरीची खोली आणि सुरुंग लावणाऱ्याचे नाव होते. चोरीनंतरच्या तीन नोंदी. दोन परवानाधारकांच्या. तिसरी आष्टीकडच्या एका विहिरीची: 'सुरुंगवाला नवा. नाव सांगत नाही. मला हाकलले.' संध्याकाळपर्यंत तो नवा सुरुंगवाला पेटीसह ताब्यात होता. खाणीवरूनच काढून टाकलेला कामगार.

दुसऱ्या दिवशी उपअधीक्षक आले. दगड परत न्यायला आलेल्या मिस्त्रींचा सुजलेला गाल पाहून त्यांनी माझ्यासमोरच विचारले, "मारलं का तुम्हाला?" एका शब्दावर माझे निलंबन होते.

"मारलं," मिस्त्री म्हणाले. "तक्रार न्हाई. पण ज्यानं गोणी भरायला लावली, त्यानंच चिठ्ठ्या जुळवून द्याव्या."

दोन दिवस मी ठाण्याच्या व्हरांड्यात मांडी घालून बसलो. ते दगड हातात फिरवून गाव सांगत, मी चिठ्ठी शोधत असे. हवालदार खिडकीआडून हसत होते. शेवटी चौदा दगड उरले. घासले, फुटले होते. कुठले ते त्यांनाही ओळखता येईना.

"हा हिरवा दगड जांब समर्थ गावाकडचाच दिसतो," मी म्हणालो. "लिहून टाका ना, मिस्त्री."

"अंदाजानं? अंदाजानं तर तुम्ही मला आणल्तं, साहेब."

आणि पत्ता गेलेले ते चौदाही दगड त्यांनी फाटकाजवळच्या मुरमावर नेऊन टाकले.

ठाण्याच्या डायरीत मी लिहिले, 'चौकशीकामी बोलावून सोडून दिले.' मारल्याचे लिहिले नाही. स्वेच्छानिवृत्तीनंतर आता लिहितो आहे. माझी पुढची सगळी नोकरी ही त्या मिस्त्रींची देणगी. त्यानंतर समोर आणलेल्या माणसाचे म्हणणे मी आधी पूर्ण ऐकून घेत गेलो. ऐकून झाल्यावर हात उचलावा असा माणूस मला पुन्हा भेटला नाही.