तिसऱ्या शिट्टीला गेलं!

तुम्ही कधी कुकरच्या शिट्टीवर काही विकत घेतलंय का?

नाही ना? मग तुम्ही आमच्या सुनंदाच्या लिलावात नव्हतात! सुनंदा आणि मी मुलुंडला समोरासमोर राहायचो. लिलावात ती बोलायची आणि मी फोन धरायचे. दीड महिना चाललं ते. फडताळ रिकामं होत गेलं आणि किस्से साचत गेले. भांडी तरी मोजता आली, हे मोजताच येत नाहीत.

झालं असं, की आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सुनंदाला भाड्याने मिळालं वन रूम किचन, आणि राहणारी माणसं तीन. ती, मुलगा आणि सून प्राजक्ता. प्राजक्ताने टेप लावून नवी जागा मोजली आणि सांगितलं, "आई, फ्रिज, कपाट, दिवाण आणि दाराशी माझा शू-रॅक. बास! पुढे पाय ठेवायलाही जागा नाही."

भंगारवाल्याला बोलावलं. त्याने पितळेचा डबा उघडूनसुद्धा बघितला नाही, सरळ काट्याला लावला. सुनंदाने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "तू जा रे बाबा!"

मग प्राजक्तानेच शिकवलं. ग्रुप करायचा, फोनवर लाइव्ह जायचं, वस्तू दाखवायची, बायका खाली कमेंटमध्ये बोली लिहितात.

पहिल्या दिवशी सकाळी अकरा वाजता कळशी दाखवली. बोली सुरू झाली ती थांबेचना. थांबवायची कशी, ते विचारायचं आम्ही विसरलो होतो! एवढ्यात ओट्यावर डाळीची तिसरी शिट्टी झाली. सुनंदा गॅस बंद करता करता ओरडली, "बास! गेलं!"

तोच नियम झाला. कुकर चढवायचा, वस्तू दाखवायची, तिसऱ्या शिट्टीला गेलं.

अकराच्या सुमाराला तिच्या खिडकीतून ऊन ओट्यावर यायचं आणि घासलेली भांडी आतून दिवा लावल्यासारखी दिसायची. फोन धरून उभी असताना मला वाटायचं, या काचेपलीकडे कितीतरी ओटे आहेत. सगळीकडे डाळ शिजतेय आणि सगळ्याजणी हातातलं काम सोडून आमच्या शिट्टीची वाट बघतायत.

---

दुसऱ्याच आठवड्यात घाटकोपरच्या हेतलबेन कापडी पिशवी घेऊन दारात. रिक्षाने आलेल्या, धापा टाकत.

"माझा पोह्यांचा डबा द्या."

सुनंदा म्हणाली, "अहो, तो बोरिवलीला गेला."

"असा कसा गेला? तीन शिट्ट्या झाल्या तेव्हा माझीच बोली वर होती!"

आम्ही दोघी बुचकळ्यात. मग मीच विचारलं, "हेतलबेन, तुमचा कुकर चालू होता का?"

त्यांनी पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळले. मग हळूच म्हणाल्या, "तूरडाळ होती."

आमच्या दोन आणि त्यांची एक, अशा तीन मोजल्या होत्या बाईंनी! सुनंदा हसून हसून ओट्याला टेकली. मी विचारलं, "पण तुमच्याकडे डबे नाहीत का?"

"अठरा आहेत! पण ती शिट्टी होते ना, तेव्हा वाटतं, आयुष्यात हाच एक डबा राहिलाय!"

---

एक वस्तू मात्र कोणी घेईना. पाटा-वरवंटा. सुनंदाच्या सासूने मालवणहून बोटीतून आणलेला. मधोमध झिजून ओंजळीसारखा खोल झालेला. मागची चाळीस वर्षं सुनंदाचे हात त्यावर चाललेत.

रोज शेवटी ती तो दाखवायची. खालून नुसते लाल बदाम यायचे, बोली एकही नाही.

"बदाम वाटून चटणी होते काय गो?" ती माझ्याकडे बघून चिडायची.

एकीने विचारलं, "ताई, कुरियर कराल का?"

"करेन की! पैलवान कुरियरवाला शोधा!"

पण फोन बंद झाला की तिचा चेहरा उतरायचा. सामान हललं की आठवड्याने बुलडोझर येणार होता. मला म्हणाली, "मंदा, पितळ काय, कुठेही जाईल. पण या दगडावर भिंत पडायची आणि मी तिकडे भाड्याच्या घरात मिक्सर फिरवत बसायची. माका झेपायचा नाय ता."

टेम्पो यायच्या आत त्याला घर मिळायला हवं होतं. एवढीच तिची इच्छा, आणि तीच होईना.

---

तांब्याच्या हंड्याच्या दिवशी दोन शिट्ट्या झाल्या आणि कुकर गप्प बसला. सिलिंडर संपला होता!

इकडे बोरिवलीच्या दोघीजणी हंड्यासाठी हटून बसलेल्या. एक वर गेली की दुसरी तिच्यावर. सुनंदा मला डोळ्यांनी खुणावतेय, मी तिला. शेवटी फोन तिच्या हातात दिला, कुकर उचलला आणि समोर माझ्या घरी पळाले. तिसरी शिट्टी माझ्या ओट्यावर झाली, तोवर जुन्या हंड्याची बोली नव्या हंड्याच्या वर गेली होती!

जिंकलेल्या बाईंना सुनंदाने फोन केला. "पत्ता सांगा हो."

त्यांनी पत्ता दिला तो हरलेलीचा.

"अहो, ही तर समोरची पार्टी!"

"माझी भावजय आहे ती. आठ वर्षं बोलत नाही आम्ही. तिच्याच दारात उतरवा. घेतला मी, आता घासू दे तिला!"

---

अंधेरीच्या वीणाताईंचं वेगळंच. त्यांना फक्त नाव घातलेली भांडी हवी असायची. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे लग्नामुंजीत भांडं द्यायचं म्हणजे त्यावर नाव घालून द्यायचं. 'सुनंदाच्या लग्नात कमलमावशीकडून सप्रेम भेट.' बाकी लोक अशी भांडी नको म्हणतात. परक्याचं नाव कशाला घरात? वीणाताई मात्र विचारायच्या, "नाव नीट वाचता येतंय ना?"

एकदा त्या स्वतः न्यायला आल्या. साधी सुती साडी, बोलणं अगदी हळू. पेल्यावरच्या नावावरून बोट फिरवत होत्या. सुनंदाला राहवलं नाही. "ताई, ही माणसं तुमच्या ओळखीची तरी आहेत का?"

"नाही हो. आमचं रजिस्टर लग्न. दोन्ही घरांतून कोणी आलं नाही." पेला पिशवीत ठेवत त्या हसल्या. "आता मांडणीवर कमलमावशी आहेत, दादरचे काका आहेत. मागच्या आठवड्यात कोणीतरी आत्यासुद्धा आल्या!"

सुनंदा त्यांना जिन्यापर्यंत सोडून आली. मग आत येऊन तिने उरलेल्या सगळ्या वाट्या उलट्या करून नावं वाचली. सात निघाल्या. त्या तिने लिलावात काढल्याच नाहीत, वीणाताईंना तशाच पाठवल्या. म्हणाली, "पाहुण्यांची कसली बोली लावायची!"

---

आणि एकदा चक्क पाट्याला गिऱ्हाईक आलं! म्हणजे अर्ध्याला. मानखुर्दच्या लताबाईंनी लिहिलं, "मला फक्त वरवंटा हवा."

सुनंदा कडाडली, "जोडी तोडणार नाही मी!"

लताबाईंनी फोनच केला. नातीचं बारसं होतं. पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा ठेवायचा, तर आख्ख्या सोसायटीत एक वरवंटा नाही! सूनबाई म्हणाल्या, मिक्सरचं भांडं ठेवू या. "सांगा आता, मिक्सरचं भांडं झबलं घालून पाळण्यात कसं दिसेल?"

सुनंदा विरघळली. "विकणार नाही. एका दिवसापुरता न्या."

वरवंटा रिक्षातून मानखुर्दला गेला. दुसऱ्या दिवशी परत आला तो झबलं घातलेला, गालाच्या जागी काजळाची तीट लावलेला, सोबत घुगऱ्यांचा डबा. लताबाई म्हणाल्या, "फार शहाणा आहे. अजिबात रडला नाही!"

मला तेव्हा वाटलं, आता नेतील त्या पाटाही. पण त्यांचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डोळे भरून बघितला त्यांनी, नमस्कार केला आणि गेल्या.

---

मग आला शेवटचा शुक्रवार. शनिवारी सकाळी टेम्पो. किचन रिकामं, बोललं की आवाज घुमत होता. ओट्यावर कुकर आणि खाली फरशीवर पाटा.

मी फोन धरला. सुनंदा पदर खोचून पाट्यापाशी बसली. म्हणाली, "बायांनो, आज पैशांची बोली नाही. एवढंच सांगा, नेलात तर यावर पहिलं काय वाटाल?"

पहिली शिट्टी झाली. खाली अक्षरं धावायला लागली. सुक्या बोंबलाची चटणी. बांगड्याचं वाटण, तिरफळं घालून. पुरण, होळीचं. आई करायची तो ठेचा. मी मोठ्याने वाचत होते, आणि खरं सांगते, त्या रिकाम्या किचनमध्ये मला ओल्या नारळाचा वास आला.

दुसरी शिट्टी झाली.

"बरं," सुनंदा म्हणाली, "मग न्यायला कोण येतंय?"

अक्षरं थांबली. एक बदाम आला, मग तोही नाही. सुनंदाने पाट्याच्या खोलगट भागात तळवा ठेवला आणि मान खाली घातली.

तेवढ्यात एक ओळ आली. मी वाचली, "माझी बोली : शू-रॅक. तो राहू दे जुन्या घरीच, त्याच्या जागेत पाटा."

"कोण गो ही?" सुनंदाने वर न बघता विचारलं. "खंयची?"

"प्राजक्ता," मी म्हटलं. "ऑफिसातून."

तिसरी शिट्टी झाली. सुनंदाचा तळवा पाट्यावरच. चौथी झाली, पाचवी झाली. खाली बायका विचारायला लागल्या, "ताई, गेलं का? ताई, डाळ करपेल!"

तिने डोळे पुसले, उठली आणि गॅस बंद केला.

"गेलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत पाटा सगळ्यांत आधी चढला, आणि घरातल्या चपला गोणीत भरून मागून गेल्या.