मामाजी आणि कंदीलवाली बाई

वऱ्हाडात एकही बंद खिडकी शिल्लक राहू नये, एवढ्याचसाठी देवानं माझ्या चुलत सासऱ्यांना जन्माला घातलं असावं. या मामाजींनी अकोल्याच्या एका दवाखान्यात उभी हयात नर्सचं काम केलं. तिथं सगळे त्यांना ब्रदर म्हणत. चांदूर बाजारच्या संत्रेवाल्या घरातला मुलगा रुग्णांचं गू-मूत काढतो, हे घरच्यांच्या कधी पचनी पडलं नाही. लग्नकार्यात "हे दवाखान्यात सायेब आहेत" अशी त्यांची ओळख करून दिली जाई, आणि मामाजी भर पंगतीत "सायेब नाही, नर्स आहो," असं ठणकावत. निवृत्तीनंतर ते अमरावतीला आमच्या गल्लीत राहायला आले आणि आमची शांतता संपली. भर मे महिन्यात, बाहेर ऊन मी म्हणत असताना, ते घरात शिरतात ते थेट खिडकीकडे. "हवा खेळती पायजे, जवाईबापू!" बायको मागून खिडकी लावते, ते पुन्हा उघडतात. आमच्या गादीवरची चादर ते कोपरे दुमडून अशी ताणतात, की पाहुण्याला झोपायचा धीर होत नाही. आजाऱ्याला भेटायला आलेला कुणी "आमच्या काकाले बी असंच झालं होतं, आठ दिवसांत गेले," असं म्हणाला रे म्हणाला, की मामाजी त्याचा दंड धरून त्याला चपलेपर्यंत पोचवून येतात.

हे सगळं त्यांच्या अंगात भिनवलं ते कंदीलवाल्या बाईनं. सायबाच्या मुलखातल्या खानदानी घरातली ही बाई फार पूर्वी लढाईवरच्या जखमी शिपायांची सेवा करायला गेली, रात्री दिवा घेऊन खाटेखाटेपाशी फिरली, आणि नर्सिंग हे शिकून करायचं काम आहे हे तिनं जगाला पटवलं. तिचं इंग्रजी नाव मामाजींना येतं. पोरांच्या जिभेला ते वळत नाही म्हणून 'कंदीलवाली बाई' ही सोय. तिची ओळख करून द्यायला मामाजी खेड्यापाड्यांतल्या शाळांत जात, तेही खराखुरा कंदील घेऊन. एसटीत कंडक्टर विचारायचाच, "काकाजी, गावात लाइन गेली का?" मग तिकीट फाडायच्या आत त्या बिचाऱ्याला अर्धी गोष्ट ऐकावी लागे. मामाजींच्या तोंडून ऐकताना ती लढाई अकोल्याच्या वेशीवर झाली असावी असं वाटे. बाई दवाखान्यात येते, उंदीर आणि घाण पाहते, कमरेला पदर खोचते आणि म्हणते, "दवाखाना हाये का उकिरडा?" औषधाच्या आधी झाडू आणि साबण मागते. "शिपाई गोळीनं कमी अन् घाणीनं जास्ती मेले, पोट्टेहो!" असं मामाजी ओरडले, की पोरं आपापली नखं लपवत.

गोष्ट संपली की ते विचारत, "मंग, तुमच्यातलं कोण होईन नर्स?" एकही हात वर होत नसे. पोलीस, कलेक्टर, मिल्ट्री, सगळे निघत. एक पोरगा तर म्हणाला, "आजोबा, नर्स तं बाया रायतात." परतताना मामाजी म्हणायचे, "एक हात, जवाईबापू. मराच्या आधी एक हात वर झालेला पाहाचा हाये मले." ते हसत म्हणायचे, पण मग वाटभर कंदिलाची काच पुसत बसायचे. ज्या कामाची आपल्या माणसांना जन्मभर लाज वाटली, ते एखाद्या लेकराला तरी हवंसं वाटावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. मला त्यांची फार दया यायची.

गेल्या हिवाळ्यात नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यात मी त्यांच्यासोबत गेलो होतो. गोष्ट झाली, प्रश्न झाला, हात काही वर झाला नाही. आम्ही निघणार तेवढ्यात चौथीतली एक पोरगी उभी राहिली.

"आजोबा, त्या बाईनं शिपायाईची कूस कशी बदलली असन? माही आजी लय जड हाये."

"तू बदलते?"

"हो. माय वावरात जाते ना. मीच बदलतो. नाई तं पाठीले जखम होते."

मामाजींनी तिच्या मैत्रिणीला सतरंजीवर निजवलं, गुडघा दुमडून, खांद्याला आणि कमरेला हात लावून कूस कशी वळवायची ते दाखवलं. पोरीनं ते लगेच उचललं. मला वाटलं, आता म्हातारा आनंदानं नाचेल. पण ते तिच्यापुढे उकिडवे बसले.

"तू खेळाले कवा जाते, बाई?"

"आजी झोपली का मंग."

"अन् आजी झोपते कवा?"

पोरगी सतरंजीचा कोपरा सरळ करू लागली.

शाळा सुटल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो. मामाजींनी हात धुतले, आजीला कुशीवर केलं, पाठ पाहिली आणि म्हणाले, "नातीनं चांगलं ठेवलं हो तुमाले." पोरगी खाटेपाशी उभी होती, पुढचं काय ते सांगा, अशा चेहऱ्यानं. मामाजींनी इतकी वर्षं जे लेकरू शाळाशाळांतून शोधलं, ते हातभर अंतरावर उभं होतं. ते म्हणाले, "मी आहो आता इथं. तू जाय. खेळ."

ती दारापर्यंत गेली आणि परत आली. "पाणी चमच्यानं पाजजा. ठसका लागते तिले," असं त्यांना बजावलं, आणि मग धूम पळाली.

आता दर आठवड्याला मामाजी त्याच गावी जातात, पोरगी शाळेतून आली की आजीजवळ बसतात. बाकीच्या शाळा मागे पडल्या. परवा मी न राहवून विचारलं, "मामाजी, नर्स होशील का, असं विचारलं की नाही तिला?"

"नाही," ते म्हणाले. "मोठी झाली का तिचं ती ठरवीन." मग उठून खिडकी उघडत म्हणाले, "सध्या लंगडीत तिले कोणी धरू शकत नाही म्हणतात."