गिरणीची बेल आणि संगणकातला संगणक

मुलांनो, हाकेला ओ देणारी माणसं जगात पुष्कळ असतात. पण हाक मारणाऱ्यालाच ‘याची गरज होती का?’ असं विचारणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. ते माझ्या मैत्रिणीचे, शालिनीचे यजमान. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही भिंगारला छावणीलगतच्या गल्लीत राहत होतो आणि त्यांचं घर अगदी समोर. पुढे शालिनीची पिठाची गिरणी, मागे दोन खोल्या. त्यातल्या एका खोलीत, कॉलेजातली शिकवण्याची नोकरी सोडून, हे गृहस्थ पुण्याच्या कुठल्याशा कंपनीसाठी दिवसभर संगणकापुढे बसलेले असत. जेवताना मीठ, मग पाणी, मग लोणचं असं एकेक विचारलेलं त्यांना चालत नसे. “काय काय हवं ते एकदम विचार,” म्हणायचे. कुकरच्या शिट्ट्यांशी तर त्यांचं उभं वैर. “पहिल्या शिट्टीला कळलं की कुकर लावलाय. पुढच्या कशासाठी?” शालिनी आतून उत्तर द्यायची, “त्या तुमच्यासाठी नसतात. डाळीसाठी असतात!”

मी शाळेत इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलेली बाई. संगणकातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण चौकशीची हौस दांडगी. एकदा मी विचारलंच, “भाऊजी, तुम्ही करता तरी काय?” ते चक्क खुर्ची ओढून बसले. म्हणाले, “वहिनी, एका खऱ्या संगणकाच्या पोटात आम्ही दुसरा, नुसता मानलेला संगणक चालवतो. त्या आतल्याला वाटतं, आपण स्वतंत्र आहोत.”

“म्हणजे एकत्र कुटुंबातल्या धाकट्या सुनेसारखा,” मी म्हटलं.

“अगदी! आता बाहेरून तारेवरून माहितीची पुडकी येतात. प्रत्येक पुडक्याबरोबर घंटा वाजते. धाकट्या सुनेला थेट हाक मारता येत नाही. आधी सासूला, म्हणजे खऱ्या संगणकाला उठवायचं, सासूनं हातातलं टाकून सुनेला उठवायचं, पुडकं घ्यायचं, पुन्हा दोघींनी आपापल्या कामाला लागायचं. अशी सेकंदाला हजारो पुडकी आली तर?”

“घर मोडेल.”

“म्हणून मी पुडकी आत घेणारा प्रोग्रॅम लिहितोय. ड्रायव्हर म्हणतात त्याला. सून उठलेलीच असेल तर पुन्हा घंटा कशाला? बंद ठेवायची. तिनं दारातली सगळी पुडकी उचलावीत, काही उरलं नाही की घंटा सुरू करून आडवं व्हावं.”

मला हे इतकं पटलं की मी घरी येऊन तुमच्या आजोबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “हा माणूस आता शालिनीच्या गिरणीवर हात टाकणार.” आणि तसंच झालं. गिरणीच्या दारात एक बेल होती. दळण घेऊन येणारा प्रत्येक जण कट्ट्यावर डबा ठेवी, बेल दाबी आणि निघून जाई. चक्कीच्या घरघरीत शालिनीला ती ऐकू येत नसे. आतल्या खोलीत दचकून उठायचे ते भाऊजीच. त्यांनी मागच्या दाराशी एक बटण बसवलं. शालिनी गिरणीत असेल तोवर बेल बंद. कट्ट्यावरचे डबे संपले की बटण दाबायचं आणि आत जायचं. शालिनी मला म्हणाली, “करू दे गं. तेवढीच शांतता. त्यांचं डोकं सध्या ठिकाणावर नाही.”

त्याला कारण होतं. त्यांचा तो आतला संगणक मधूनच मुका व्हायचा. तासन् तास छान चालायचा आणि अचानक ढिम्म. पुडकं दारात पडलेलं, पण हा उचलतच नाही. कंपनीनं बजावलं होतं की महिनाअखेरपर्यंत हे सुटलं नाही तर पुण्याला येऊन इतरांबरोबर बसा. म्हणजे घर हलवायचं, गिरणी बंद करायची. ती गिरणी शालिनीनं स्वतः उभी केलेली. ती रडली वगैरे नाही, पण चक्कीच्या गुळगुळीत झालेल्या दगडांना छिन्नीनं टाकी लावायला झाली होती, ती लावून घेईना. “जायचंच असेल तर कशाला?” म्हणाली. पीठ जाडंभरडं पडू लागलं, आणि समोर ती नसेल या विचारानं माझाही जीव थाऱ्यावर राहिला नाही.

अशात एका संध्याकाळी मी शालिनीकडे बसले असताना पलीकडच्या आळीतल्या एक म्हाताऱ्या बाई गिरणीच्या दारात येऊन कडाडल्या, “आवं गिरणीवाल्या बाई, पाव्हणं येऊन बसल्यात घरी आन् माझी बाजरी हितं तशीच! दुपारधरनं डबा ठिवलाय!”

शालिनी गोंधळली. “अहो मावशी, मी आत जाताना कट्टा रिकामा होता. नीट पाहिला मी.”

“मग काय मी खोटं बोलती व्हय? बेल बी दाबली. वाजलीच न्हाई तुमची बेल!”

हे ऐकून भाऊजी आतून अनवाणी धावत आले. मला वाटलं, माफी मागतील. ते म्हणाले, “मावशी, बेल दाबली तेव्हा चक्की चालू होती की बंद?”

“बंद हुती. आता त्याचं काय?”

“आणि ही कुठं होती?”

“आतल्या अंगाला पाठमोरी. पदर झटकीत हुत्या.”

मग त्या मावशींना पुन्हा रस्त्यावर पाठवून भाऊजींनी सगळा प्रसंग करून घेतला. शालिनीनं कट्टा पाहिला, चक्की थांबवली, पदर झटकला; मावशींनी डबा ठेवला, मेलेली बेल दाबली, “येडं झालं जनू ह्ये,” म्हणत निघाल्या; त्यानंतर शालिनीनं बटण सुरू केलं. डबा कट्ट्यावर, मालकीण आत, आणि पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत कोणालाच पत्ता नाही. भाऊजी कट्ट्यावर बसले. “माझा आतला संगणक असाच झोपतोय,” म्हणाले. “शेवटची नजर टाकल्यावर आणि घंटा सुरू होण्याआधी पुडकं येतंय. उलटं करायला हवं. आधी घंटा सुरू करायची, मग पुन्हा एकदा कट्टा पाहायचा. काही दिसलं तर घंटा बंद करून परत कामाला.”

“एवढंच?” शालिनी म्हणाली. “कुलूप लावल्यावर आपण ओढून बघतोच की.”

“ते शास्तर ऱ्हाऊ द्या,” मावशी म्हणाल्या. “आधी माझी बाजरी घ्या!”

बाजरी दळून झाली आणि त्याच रात्री भाऊजींनी ड्रायव्हरमध्ये तसा बदल केला. पुढचे काही दिवस संगणक अखंड चालत राहिला, एकदाही मुका झाला नाही. पुण्याहून निरोप आला की आहात तिथूनच काम चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी लावणारा आला. दगडावर छिन्नीची टकटक भर दुपारपर्यंत चालली होती आणि मागच्या खोलीतून एक अक्षरही उमटलं नाही.

पुणं टळलं, पण कायमचं नाही. काही वर्षांनी भाऊजी हृदयविकारानं गेले आणि शालिनी लेकीकडे गेली, तीही पुण्यालाच. मधली वर्षं मात्र माझ्या पदरात पडली. संध्याकाळी गिरणी थंडावली की मी रस्ता ओलांडून जाई. आम्ही दोघी कट्ट्यावर गप्पा मारत बसायचो. सुनांच्या, शाळेच्या, भाजीच्या. थोड्या वेळानं भाऊजी आतून येत आणि आमच्या शेजारी बसून राहत. त्यांना काही विचारायचं नसे, सांगायचंही नसे. कशासाठी आलात, असं आम्हीही कधी विचारलं नाही. नुसतं सरकून जागा करून द्यायचो.